खरा फोटो कुठला?

लाइपझिगमधल्या नव्या प्रयोगशाळेत रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आमचं काम हाडांच्या आतल्या जाळीचं. उंदराच्या मांडीच्या हाडाचा नखाएवढा तुकडा एका छोट्या एक्स-रे यंत्रात ठेवायचा, तो हळूहळू गोल फिरवत त्याच्या हजारभर सावल्या टिपायच्या आणि त्या सावल्यांवरून आतली रचना संगणकाकडून उभी करून घ्यायची. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फिल्टर निवडा' अशी एक यादी येते. ती उघडली. पहिलंच नाव होतं 'राम-लक'. त्याखाली 'शेप-लोगन', मग 'कोसाइन', 'हॅमिंग' आणि 'हान'.

मला हसू आलं. शेजारच्या जर्मन सहकाऱ्यानं कारण विचारलं. म्हटलं, "आमच्याकडे राम आणि लक्ष्मण अशी भावांची जोडी आहे. खाली भरत-शत्रुघ्न सापडतात का ते बघतेय." तोही हसला आणि मग त्यानं सरळ प्रश्न टाकला, "पण मग हे राम-लक आहे कोण?"

मला सांगता येईना. डॉक्टरेटच्या सगळ्या वर्षांत हाच फिल्टर मी हजारो वेळा वापरला होता. नाव कुणाचं, हे कधी विचारलंच नव्हतं. भाजीत हिंग घालताना तो कुठून येतो हे आपण विचारत नाही, तसंच काहीसं.

तो प्रश्न तिथेच राहिला असता. पण तीन-चार महिन्यांनी सांगलीहून दादाचा फोन आला. बाबांचा खोकला जात नव्हता म्हणून छातीचा सीटी स्कॅन केला होता. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला आठ मिलिमीटरची एक गाठ दिसत होती. डॉक्टरांचं म्हणणं होतं की घाबरू नका, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू आणि वाढते का ते बघू. दादानं सीडीतली चित्रं मला व्हॉट्सॲपवर पाठवली होती.

"अगं, एकाच जागेची दोन चित्रं आहेत आणि दोन्ही वेगळी दिसतायत. एकात गाठीच्या कडा खरबरीत आहेत, दुसऱ्यात अगदी गुळगुळीत. यंत्र बिघडलंय का? पुन्हा काढायला सांगू का?"

मागून बाबांचा आवाज आला, "तिला विचार, त्यातला खरा फोटो कुठला?"

यंत्र बिघडलेलं नव्हतं, एवढं मला लगेच सांगता आलं. पण बाबांच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला सव्वाशे वर्षं मागे जावं लागलं. मेनूतलं ते अर्धवट नावही त्याच वाटेवर भेटलं.

सावलीची अडचण

वाट सुरू होते ती जर्मनीतच, व्युर्ट्सबुर्ग या गावी. ८ नोव्हेंबर १८९५ या दिवशी विल्हेल्म रोंटगेन यांना तिथल्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत एक अनोळखी किरण सापडला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी ॲना बर्था यांच्या हाताचं चित्र घेतलं. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी दाखवणारं ते चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं असतं. भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक १९०१ साली रोंटगेन यांनाच मिळालं.

पण एक्स-रेचं चित्र म्हणजे सावली. किरण शरीरातून आरपार जाताना वाटेत जे जे भेटेल त्या सगळ्याचा एकत्रित परिणाम पलीकडे उमटतो. छातीच्या एक्स-रेमध्ये पुढच्या बरगड्या, मागच्या बरगड्या, हृदय आणि फुप्फुस एकावर एक येतात. दहा पारदर्शक कागदांवर दहा चित्रं काढून ती एकावर एक ठेवावीत, तसं. कुठली रेघ कुठल्या कागदावरची, हे सावली सांगत नाही.

बाबांनी आयुष्यभर एका सहकारी बँकेत हिशेब लिहिले, म्हणून त्या रात्री मी त्यांना हिशेबाच्या भाषेत सांगून पाहिलं. "समजा, वहीत चार चौकोन आहेत. दोन वर, दोन खाली. आतले आकडे पुसले गेलेत, फक्त बेरजा उरल्यात. आडव्या दोन्ही ओळींची बेरीज पाच-पाच, उभ्या दोन्ही रकान्यांचीही पाच-पाच. आतले आकडे सांगा."

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "वर दोन-तीन, खाली तीन-दोन. पण एक-चार आणि चार-एकही चालेल की. तुझा हिशेब अपुरा आहे. तिरकी बेरीज दे."

"वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत चार."

"मग दोन-तीन, तीन-दोन. संपलं."

सीटी स्कॅन म्हणजे एवढंच. एक सावली म्हणजे एका दिशेनं घेतलेल्या बेरजा. दिशा बदलली की नव्या बेरजा मिळतात. पुरेशा दिशांनी बेरजा मिळाल्या की आतले आकडे ठरतात. फरक इतकाच की तिथे चौकोन चार नसून लाखो असतात, आणि बाबांची जागा संगणक घेतो.

लाइपझिग, एप्रिल १९१७

पण पुरेशा बेरजा मिळाल्या तर आतले आकडे नक्की ठरतात, आणि एकाच प्रकारे ठरतात, हे सिद्ध कुणी केलं? उत्तर माझ्या प्रयोगशाळेपासून ट्रामनं दहा मिनिटांवर होतं.

योहान राडोन हे ऑस्ट्रियाचे गणिती. बोहेमियातल्या टेचेन गावी, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या देचिनमध्ये, १८८७ साली जन्मलेले. पहिलं महायुद्ध चालू होतं, पण जवळचंच दिसत असल्यामुळे, म्हणजे अधू नजरेमुळे, त्यांना सैन्यातून सूट मिळाली होती. (राडोन नावाच्या वायूशी त्यांचा काही संबंध नाही. हा गोंधळ आमच्या प्रयोगशाळेतही होतो.) त्यांचा निबंध ३० एप्रिल १९१७ या दिवशी लाइपझिगच्या सॅक्सन विज्ञान संस्थेपुढे मांडला गेला आणि तिच्या वृत्तान्ताच्या ६९व्या खंडात छापला गेला. पृष्ठं २६२ ते २७७.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन मी तो खंड मागवला. सोळा पानं. रुग्णाचा उल्लेख नाही, यंत्राचा नाही, क्ष-किरणांचाही नाही. आहे ते शुद्ध गणित. प्रतलावर एखादी राशी पसरलेली आहे आणि प्रत्येक सरळ रेषेवरची तिची बेरीज ठाऊक आहे, तर ती राशी प्रत्येक बिंदूवर किती हे काढता येईल का? राडोन म्हणतात, येईल, आणि रीतही देतात. ज्या बिंदूचं मूल्य हवं त्याच्याभोवती वर्तुळ कल्पा. त्या वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या सगळ्या रेषांच्या बेरजांची सरासरी काढा. वर्तुळ मोठं होत जाईल तशी ही सरासरी कशी बदलते, त्यावरून मधल्या बिंदूचं मूल्य मिळतं.

बिंदूवर काय आहे हे कळण्यासाठी बिंदूच्या आजूबाजूला काय घडतं ते बघायचं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. आणि जवळचंच दिसणाऱ्या एका माणसानं जगाला शरीराच्या आत बघण्याची रीत दिली, हाही योगायोगच म्हणायचा.

पुढे राडोन हाम्बुर्ग, ग्राइफ्सवाल्ड, एर्लांगेन आणि ब्रेस्लाऊ या जर्मन विद्यापीठांत शिकवत राहिले. १९५६ साली व्हिएन्नात त्यांचं निधन झालं. आपल्या सूत्रावर चालणारं एकही यंत्र त्यांनी पाहिलं नाही.

पुन्हा पुन्हा लागलेला शोध

पुढची पन्नास वर्षं हा निबंध जवळपास विस्मरणात गेला. युद्धकाळात एका प्रादेशिक संस्थेच्या वृत्तान्तात, जर्मन भाषेत छापलेला. शिवाय हा हिशेब हातानं करणं अशक्य, आणि तो करणारं यंत्र अजून जन्माला यायचं होतं. गणितज्ञांपैकी काहींना तो ठाऊक होता. ज्यांना त्याची गरज होती, त्यांना मात्र नव्हता.

त्यामुळे गरज पडली तशी प्रत्येकानं आपापली वाट नव्यानं खोदली. रोनाल्ड ब्रेसवेल यांना आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचे पट्टे जोडून स्रोताचा नकाशा काढायचा होता. त्यांनी १९५६ मध्ये आपली रीत प्रसिद्ध केली. दक्षिण आफ्रिकेचे ॲलन कॉर्मॅक केप टाउनच्या इस्पितळात किरणोपचाराचं काम बघताना याच प्रश्नाशी येऊन ठेपले. १९६३ आणि १९६४ साली त्यांनी अमेरिकेतून दोन निबंध प्रसिद्ध केले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. निबंधाची प्रत मागणारं सगळ्यात गमतीचं पत्र स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राकडून आलं, असं त्यांनी पुढे नोबेलच्या व्याख्यानात सांगितलं. राडोन यांनी हे सगळं आधीच करून ठेवलंय, हे त्यांना कित्येक वर्षांनी कळलं.

१९६८ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड डीरोझियर आणि ॲरन क्लुग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या सपाट चित्रांवरून एका विषाणूच्या शेपटीची त्रिमित रचना काढून दाखवली. इंग्लंडमध्येच ईएमआय या कंपनीतले अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी वेगळ्याच रस्त्यानं, बाबांसारखी एकेका बेरजेची समीकरणं जुळवत, यंत्रच तयार केलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल मिळालं.

त्या पहिल्या स्कॅनच्या एकच महिना आधी, सप्टेंबर १९७१ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात पाच पानांचा एक निबंध आला होता. लेखक दोन: जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन. राम आणि लक.

चामड्याचं नातं

रामचंद्रन हे नाव जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परकं नाही. केरळात १९२२ साली जन्मलेले, मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचा विभाग उभारणारे. १९५४-५५ साली त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्याबरोबर कोलॅजेन या प्रथिनाची रचना मांडली. एकमेकींत विणलेले तीन पेड, आपल्या तिपेडी वेणीसारखे. कोलॅजेन आपल्या त्वचेत, स्नायुबंधांत आणि हाडांत असतं. चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच. म्हणून पहिल्या प्रयोगांसाठी त्यांना नमुना मिळाला तो मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून: कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध.

त्या रचनेवर केंब्रिजहून टीका झाली. काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात, असा आक्षेप होता. वाद घालत बसण्याऐवजी रामचंद्रन यांनी मूळ प्रश्नच हाती घेतला. प्रथिनातले अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? साखळीची प्रत्येक कडी कुठल्या कोनांत वळू शकते आणि कुठल्या कोनांत नाही? त्यातून १९६३ मध्ये रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासोबत त्यांनी जो आलेख तयार केला, तो आज 'रामचंद्रन आलेख' म्हणून जगभर शिकवतात. संगणकावर बांधलेली प्रथिनाची कुठलीही प्रतिकृती आजही या आलेखावर घासून पाहिली जाते.

आता जर्मनीतल्या चामड्याकडे येऊ. लाइपझिगहून रेल्वेनं तासा-सव्वा तासावर ड्रेस्डेन. तिथे १९२१ साली कैसर विल्हेल्म संस्थेनं चर्म संशोधनाची एक संस्था काढली. तिचे संचालक माक्स बेर्गमान हे प्रथिनांचे मोठे रसायनज्ञ. ते ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि बेर्गमान यांना देश सोडून अमेरिकेला जावं लागलं. युद्धानंतर ही संस्था बव्हेरियात हलली, म्युनिकला स्थिरावली आणि माक्स प्लांक प्रथिन व चर्म संशोधन संस्था झाली. १९७३ साली ती मार्टिन्सरीडच्या माक्स प्लांक जीवरसायन संस्थेत विलीन झाली.

या चामड्याच्या संस्थेत वाल्टर होप्पं नावाचे संशोधक होते. एकेका रेणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून वेगवेगळ्या कोनांनी चित्रं घ्यायची आणि त्यांवरून त्याचा त्रिमित आकार काढायचा, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या हाताखाली एका तरुणानं १९७० साली डॉक्टरेट मिळवली. त्याचं नाव योआखिम फ्रांक. पुढे २०१७ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी हे एक.

मद्रास आणि म्युनिक. दोन्हीकडे चामड्यापासून सुरुवात, मग प्रथिनं, आणि शेवटी सावल्यांवरून आकार काढण्याचं गणित. मला वाटतं हा निव्वळ योगायोग नाही. डोळ्यांना दिसणारी दणकट वस्तू आतून कशी विणली आहे, हा प्रश्न ज्यांनी चिकाटीनं धरला, ते सगळे या एकाच चौकात येऊन पोहोचणार होते.

मेनूतल्या नावाचा अर्थ

तर राम-लक यांनी केलं काय?

सावल्यांवरून चित्र काढायची सगळ्यात सोपी युक्ती अशी की प्रत्येक सावली ज्या दिशेनं आली, त्याच दिशेनं परत ओढायची. सगळ्या दिशांचे पट्टे जिथे एकमेकांवर येतात तिथे वस्तू. पण एक पंचाईत होते. प्रत्येक पट्टा वस्तूच्या बाहेरही पसरलेला असतो. त्यामुळे ठिपक्याऐवजी धुक्यातल्या दिव्यासारखं, भोवती प्रभा असलेलं चित्र मिळतं. सगळं धूसर.

तेव्हाचा रूढ उपाय फूरिये गणिताचा, आणि संगणकाला फार वेळ खाणारा. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी दाखवलं की सावली मागे ओढण्याआधीच तिच्यावर एक छोटा संस्कार केला तर पुरतं. सावलीतल्या प्रत्येक आकड्यातून त्याच्या शेजाऱ्यांचा ठरावीक अंश वजा करायचा. लगतच्या शेजाऱ्याचा जास्त, लांबच्याचा कमी. मग पट्टे एकमेकांवर पडतात तेव्हा मधला ठिपका उरतो आणि भोवतीची प्रभा आपोआप कटते. त्यांच्या हिशेबानं ही रीत जुन्या रीतीपेक्षा साधारण ३० पट वेगवान होती, आणि अधिक अचूकही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि एक्स-रे या दोन्हींत ती उपयोगी पडेल, असं त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं. तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेल्या रामचंद्रन यांच्याकडे सीटीचं यंत्र नव्हतं. त्यांनी संगणकातच खोट्या सावल्या तयार केल्या आणि त्यांवर आपली रीत तपासली.

राडोन यांची वर्तुळं आठवतात? बिंदू कळण्यासाठी आजूबाजूचं बघायचं. राम-लक फिल्टर तेच करतो, फक्त संगणकाला जमेल अशा बेरीज-वजाबाकीत.

एवढं वाचल्यावर माझी मान ताठ झाली होती. सहकाऱ्याला सांगायला निघालेच होते, की हे आमचं. पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. हीच युक्ती ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७ सालीच खगोलशास्त्रासाठी मांडली होती. बंगळूरला ती स्वतंत्रपणे पुन्हा सापडली, वैद्यक आणि सूक्ष्मदर्शकाच्या जगात याच जोडीमुळे पसरली, म्हणून नाव त्यांचं लागलं. ज्या विस्मरणाचा फटका राडोन यांना बसला, त्याचा थोडा फायदा आपल्या माणसांना झाला. परदेशात राहिलं की आपल्याकडच्या नावांचा अभिमान थोडा जास्तच उफाळतो, माझाही उफाळतो. पण इतिहास पूर्ण वाचला की कळतं, हे काम कुणा एकाचं नव्हतं.

गणित फसवतं तेव्हा

इतक्या हातांतून तयार झालेलं चित्र खरं कशावरून?

डॉक्टरेटच्या पहिल्या वर्षी मला हाडाच्या छेदात सुबक वर्तुळं दिसली, एकात एक. झाडाच्या खोडातल्या वाढीच्या कड्यांसारखी. दोन दिवस मी हवेत होते. मग एका वरिष्ठानं विचारलं, "वर्तुळांचा मध्य हाडाच्या मध्यावर आहे की यंत्राच्या अक्षावर?" अक्षावर होता. सेन्सरचे काही ठिपके मेलेले होते. नमुना गोल फिरताना प्रत्येक मेल्या ठिपक्यानं एकेक वर्तुळ काढलं होतं. हाडात तसलं काही नव्हतंच.

माझी चूक दोन दिवसांत पकडली गेली. फ्रांक यांच्या क्षेत्रात धोका याहून मोठा आहे. इलेक्ट्रॉनांचा मारा नाजूक रेणूंना जाळून टाकतो, म्हणून तो फार कमी ठेवावा लागतो आणि चित्रात खरखरच जास्त उरते. फ्रांक यांनी १९७५ मध्ये उपाय सुचवला: एकाच जातीच्या असंख्य रेणूंची अंधुक चित्रं जुळवून त्यांची सरासरी काढायची. खरखर कटते, रेणू उरतो. हायडेलबर्गच्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत झाक द्युबोशे आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी इतक्या झटकन गोठवून दाखवलं की बर्फाचे स्फटिक होण्याऐवजी त्याची काच होते आणि रेणू त्यात जसाच्या तसा अडकतो. या दोन्हींतून आजची क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी उभी राहिली. करोनाच्या साथीत २०२० साली विषाणूच्या काट्याचं जे चित्र वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचलं, त्यामागे हीच रीत होती.

पण सीटीमध्ये कुठली सावली कुठल्या कोनाची, हे आपल्याला ठाऊक असतं. इथे रेणू कसेही पडलेले असतात, कोनही संगणकालाच शोधावे लागतात. त्यासाठी एखादा नमुना-आकार समोर ठेवून चित्रं जुळवली, तर विचित्र गोष्ट घडते. चित्रांत नुसती खरखर असली आणि नमुना म्हणून आइन्स्टाइन यांचा फोटो दिला, तर हजार चित्रांच्या सरासरीतून आइन्स्टाइन उगवतात! हे मुद्दाम करून दाखवलेलं आहे. २०१३ साली एचआयव्ही विषाणूच्या एका प्रथिनाच्या प्रसिद्ध झालेल्या रचनेवर अनेक तज्ज्ञांनी नेमका हाच आक्षेप घेतला. फ्रांक आणि द्युबोशे यांच्यासह नोबेल मिळालेले रिचर्ड हेंडरसन यांनी तेव्हा या सापळ्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. तेव्हापासून या क्षेत्रात चित्रं दोन गटांत विभागून प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करण्याचा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहण्याचा आग्रह वाढला. बँकेत दोघांनी स्वतंत्रपणे बेरीज तपासावी, तसा.

बाबांचं उत्तर

रविवारी सकाळी पुन्हा फोन लावला. दादानं स्पीकर चालू केला.

"बाबा, दोन्ही चित्रं एकाच स्कॅनमधली आहेत. यंत्रानं बेरजा एकदाच घेतल्यात. त्यांवरून चित्र काढताना फिल्टर दोन वापरलेत. एक कडा ठळक करतो, पण त्यात खरखर वाढते. फुप्फुसासाठी तो वापरतात. दुसरा सगळं मऊ करतो, खरखर जाते पण कडाही पुसट होतात. मांसल भाग बघायला तो बरा. डॉक्टर दोन्ही बघतात, म्हणून दोन्ही सीडीत दिलेत."

"म्हणजे फोटो असा नाहीच?"

"फोटो नाही. ताळेबंद आहे."

हे त्यांना पटलं. एकाच खात्याचे दोन गोषवारे असू शकतात, आणि कशासाठी हवाय त्यावर कुठला बघायचा ते ठरतं, हे त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. मग त्यांनी शहाण्यासारखा प्रश्न विचारला, "तीन महिन्यांनी पुन्हा काढतील, तेव्हा फिल्टर तोच ठेवतील ना? नाहीतर तुलना कशी करणार?" मी दादाला तेवढं डॉक्टरांकडे विचारून घ्यायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हो, तोच ठेवतो.

ते तीन महिने कसे गेले ते सांगत नाही. घरापासून सात हजार किलोमीटरवर राहणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच होती. आठ मिलिमीटर. तिच्यावर लक्ष ठेवायचंय, पण बाबांचा खोकला गेलाय.

राहिलं सहकाऱ्याला द्यायचं उत्तर. मी त्याला रामचंद्रन यांच्याबद्दल सांगितलं, बराच वेळ. मग तो म्हणाला, "आणि लक?" लक्ष्मीनारायणन यांच्याबद्दल मला फारसं काही सापडलं नव्हतं. पाच पानांवर दुसरं नाव, आणि जगभरच्या संगणकांत त्यातली दोन अक्षरं.

आम्ही दोघंही मुदतीच्या करारावरचे पोस्टडॉक. इथल्या कायद्यानुसार साधारणपणे डॉक्टरेटआधी सहा आणि नंतर सहा वर्षं, पुढे कायम जागा नसेल तर बाहेर. २०२१ साली 'इश बिन हाना', म्हणजे 'मी हाना आहे', असं म्हणत इथल्या हजारो तरुण संशोधकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. त्यातले बहुतेक जण दुसरं, चौथं, सातवं नाव असणारे. आमचीही तीच रांग. त्यामुळे 'लक' या दोन अक्षरांकडे आम्ही दोघं जरा वेळ बघत राहिलो.

आता नवीन विद्यार्थी आले की फिल्टरची यादी उघडून मी आधी नावं वाचून दाखवते. राडोन कोण, राम कोण, लक कोण, आणि ब्रेसवेल यांचं नाव यादीत का नाही. त्यानंतर त्यांना एकच काम देते. एकाच हाडाचं चित्र दोन फिल्टरनी काढा आणि फरक कुठे दिसतो तो लिहून आणा.